मेमरीत बराबर हाये!

आमच्या ऑफिसात काम कमी आणि किस्से जास्त होतात. काम क्लायंट घेऊन जातो, किस्से आमच्याकडेच राहतात, त्यामुळे साठा वाढतच चाललाय.

जुन्या जालन्यात कापडाच्या होलसेल दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मराठीत टोकन देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे मी, जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीचा भालेराव आणि साहेब. साहेब मूळचे बियाण्यांच्या धंद्यातले. पेरलेलं बी उगवलं का, हे उकरून बघायची सवय! तीच सवय घेऊन ते सॉफ्टवेअरमध्ये आले.

उकरून बघायला आमच्याकडे डीबगर असतो. कोडच्या ओळीपुढे लाल टिंब दिलं, की प्रोग्राम तिथे थांबतो आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते डीबगर दाखवतो. म्हणजे, दाखवतो असं तो समजतो!

*

पहिल्याच दिवशी साहेब भालेरावच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर एका शेतकऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर असायला हवं होतं. दिसत होतं २३२५.

"क कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"हाच क हाये, साहेब. डीबगर अक्षराचा आधी नंबर दाखवतो."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "जेलमध्ये पण असंच असतंय."

*

मग नवीन कॉम्प्युटर आला आणि त्यावर सगळी नावं चौकोनी डब्यांसारखी दिसू लागली. भालेरावनं चांगला चालणारा कोड आठवडाभर उसवला. शेवटी कळलं की नावं धडधाकट होती. डीबगरच्या खिडकीलाच मराठी फॉन्ट नव्हता!

"मेमरीत बराबर हाये, साहेब," भालेराव म्हणाला. "दिसत न्हाई फक्त."

"म्हंजी डाग आरशावर होता," साहेब म्हणाले, "अन् तू हप्ताभर तोंड घासून राह्यला!"

तेव्हापासून ते वाक्य भालेरावच्या तोंडी बसलं ते बसलंच.

*

भालेरावची बायको टेंभुर्णीत शिक्षिका आहे. तिच्याजवळ राहता यावं म्हणून तो पुण्याची चांगली नोकरी सोडून इकडे आला. आणि एवढं करून पठ्ठ्या लग्नाचा वाढदिवस विसरला! वर तिला म्हणाला, "मनात बराबर हाये गं, दिसत न्हाई फक्त."

संध्याकाळी त्याच्यापुढे रिकामं ताट आलं.

"कुकरात बराबर हाये," ती म्हणाली. "ताटात दिसत न्हाई फक्त. जेवा!"

*

लांबलचक मजकूर डीबगर पूर्ण दाखवत नाही. सुरुवात दाखवतो आणि पुढे तीन टिंबं देऊन मोकळा होतो. साहेबांनी एकदा हौसेनं आमच्या ऑफिसचा पत्ता टाकून पाहिला. तो "मारुती मंदिराच्या मागे" इथंच संपला.

"मंग ऑफिस कुठाय?"

"मेमरीत..."

"पुरे!"

*

आणि मग एका बाजार समितीत डेमो ठरला. निघतानाच साहेबांनी सांगून टाकलं, "हे काम न्हाई मिळालं तर जालन्याचं ऑफिस बंद. भालेराव, तुला परत पुणं गाठावं लागंल."

भालेराव वाटभर मोबाइलवर पुण्याच्या गाड्यांच्या वेळा बघत होता. मलाही फार वाईट वाटलं. त्याच्या डब्यातलं लोणचं अर्धं मीच खाते.

सभापतींना खूश करायला त्यानं पहिलं टोकन त्यांच्याच नावाचं घेतलं, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या पदव्या लावून. सभापती पहिल्या रांगेत, मागे त्यांची माणसं. प्रोजेक्टर लागला, भालेरावनं बटण दाबलं आणि प्रोग्राम मध्येच थांबला. लाल टिंब काढायचं राहिलं होतं! भिंतीवर भलामोठा डीबगर उघडला:

"माननीय कार्यसम्राट विकासपुरुष शेतकऱ्यांचे कैवारी..."

पुढे तीन टिंबं. नाव नाहीच! साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"माझं नाव कुठाय?" सभापतींनी विचारलं.

भालेराव माउस धरून ते लाल टिंब शोधत होता. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मेमरीत बराबर हाये, सभापती साहेब. दिसत न्हाई फक्त."

सभापती खुर्चीतून उठले. सावकाश मागे वळले आणि आपल्या माणसांवर बोट रोखून म्हणाले,

"ऐकलं का? निवडून आल्यापासून मी दुसरं काय सांगून राह्यलो? कामं सगळी बराबर हायेत, दिसत न्हाईत फक्त! हा गडी मला इथंच पाहिजे. आणा कागद, सही करतो!"