माझा भैरोबा सगळ्यांना हो म्हणतो

माझ्या चुलत्यांचं डावं पाऊल कापावं लागलं, त्याला निम्मा जबाबदार मधुमेह आहे आणि निम्मा माझ्या कॉलेजचा प्रकल्प. मधुमेहाला घरात कुणी काही बोलत नाही.

मी सांगलीला ॲनिमेशन शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी नेमकं काय शिकतो हे घरी कुणाला माहीत नाही. (परीक्षेच्या आसपास मलाही शंका येते.) शेवटच्या वर्षाला सरांनी विषय दिला : देऊळ, दर्गा, चर्च, मठ, कुठल्याही प्रार्थनेच्या जागेवरून सुचलेली एक आभासी खोली तयार करा. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस त्या खोलीत उभा राहिला पाहिजे आणि त्याचं मन शांत झालं पाहिजे. अट एकच होती. "जागेचा भाव घ्या. देव ठेवू नका."

मी आमच्या गावच्या भैरोबाचं देऊळ घेतलं. गाव खटाव तालुक्यात. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असा बुटका दरवाजा, तेलानं काळे झालेले खांब, समईचा उजेड. फरशीचा ओशटपणा जमवायला मला तीन आठवडे लागले. गाभाऱ्यात, सरांनी सांगितल्याप्रमाणे, नुसता उजेड ठेवला. अहवाल मात्र मी आधीच लिहून टाकला होता : 'वापरकर्त्याचे मन शांत होते.'

तेवढ्यात आबांच्या पायात काटा गेला.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून रिटायर झालेले हवालदार. मला कॉलेजात घालायला वडील कचरत होते, तेव्हा "पोरगं पुढं जाईल, तुमी मागं व्हा," हा हुकूम आबांचाच. साखरेमुळे काट्याची जखम चिघळली आणि त्यांना सांगलीच्या दवाखान्यात आणलं. सोमवारी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडून पाहिली.

"तीन बोटं काळी पडलीत, आबा. ती आज-उद्या काढली तर पाऊल वाचेल."

"काढा की. भैरोबाचा कौल आला की काढा."

आमच्याकडे कौल असा घेतात : देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि मोठ्यानं प्रश्न विचारायचा. देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. भरतीला जाण्यापासून बोअर मारण्यापर्यंत आबांनी सगळं असंच विचारून केलं होतं. ते भैरोबाला देव कमी आणि वरचा साहेब जास्त मानतात. त्यामुळे वडील गावातून फोनवर म्हणाले, "मी इचारतो की तुमच्या वतीनं," तेव्हा आबांनी साफ सांगितलं, "अर्ज ज्याचा त्यानं द्यायचा असतोय." मग वडिलांनी देवळातून व्हिडिओ कॉल लावला. रेंज गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर संपते. आबांना फक्त वडिलांचं कपाळ दिसलं, तेही गोठलेलं.

इथे मला कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच वाईट गोष्टींची सुरुवात या वाक्यानं होते.)

मंगळवारी सकाळी कॉलेजातून हेडसेट मागून आणला आणि आबांच्या डोळ्यांवर चढवला. ते काय पाहतात ते मला लॅपटॉपवर दिसत होतं. त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली. मग म्हणाले, "पायताण काढ माझं."

"आबा, पायात काय न्हाई. एका पायाला पट्टी हाय."

"मग पट्टी काढ. देवळात हाय मी."

काकींनी त्यांचा पाय धरून ठेवला, मी समजूत घातली. पट्टी राहिली. पुढे बुटका दरवाजा आला. आबा सवयीनं इतके खाली वाकले की सलाइनची सुई निघाली. नर्स धावत आली. ती सुई लावत असतानाच आबा आत पोहोचले.

"देव कुठाय रं?"

"देव ठिवायचा न्हाई असं सर म्हणालेत."

"मग ह्ये देऊळ व्हय? गोदाम हाय." त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "देव आला की सांग."

मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून दुपारपर्यंत देव केला. वडिलांनी पाठवलेल्या फोटोवरून शेंदूर, डोळे, मिशा. फुलं मात्र ऐकेनात. ती खांद्यावरून हलायचीच नाहीत, आणि हललीच तर फरशीतून आरपार पाताळात जायची. शेवटी मी एक सोपी गोष्ट केली. हात जोडल्यावर दहा सेकंदांनी देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडेल अशी आज्ञा लिहिली. दर वेळी उजवंच. लबाडी आहे हे मला कळत होतं, पण आबा विचारणार, "बोटं काढू का?" आणि देव म्हणणार, "काढ." पाऊल वाचणार. आबांच्या जिवाला त्रास नको, एवढाच माझा हेतू होता.

आबांनी हेडसेट चढवला, पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात अर्ज दिला.

"बा भैरोबा, ह्यो पाय घेऊन तुझ्या दारात आजवर चालत आलो. त्येची बोटं तोडू नयेत असं तुझ्या मनात असंल, तर उजवं दे."

प्रश्न उलट्या बाजूनंही विचारता येतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दहा सेकंद मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. उजवं फूल पडलं. इतकं सुंदर पडलं की मलाच नवल वाटलं.

आबांनी हेडसेट काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "बोटं ऱ्हात्यात," ते काकींना म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "संद्या, तू काय शिकतोस ते आज कळलं बघ."

तिथेच मी खरं सांगायला हवं होतं. पण तीन वर्षांत हे वाक्य घरातल्या कुणाकडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हणालो, "आबा, आणखी एकदा इचारा की."

"साहेबाला दोनदा इचारत न्हाईत."

डॉक्टरबाई रागावल्या, काकी रडल्या. आबा हसतमुखानं डिस्चार्ज मागत बसले.

बुधवारी शेजारच्या खाटेवरच्या मामांनी हेडसेट मागितला. मामा तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, खुब्याचं हाड मोडून आलेले. आबांनी माझ्या वतीनं परवानगी दिली. मामांनी मोठ्यानं विचारलं, "हाड जुळल्यावर परत बेदाण्याच्या शेडवर जाऊ का?" उजवं. मामा खूश. त्यानंतर समोरच्या रांगेतले चार जण होऊन गेले. सगळ्यांना उजवं. वॉर्डात एवढा आनंद कधी पाहिला नव्हता, असं झाडूवाल्या मावशी म्हणाल्या.

मग मामांच्या सुनेनं पदर सावरत हेडसेट घातला. "देवा, मामंजींनी आता शेड सोडून घरी बसावं का?"

उजवं.

मामा सुनेकडे बघायला लागले, सून मामांकडे. "मला जा म्हणाला की त्यो," मामा म्हणाले. "मला बसवा म्हणाला," सून म्हणाली. दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं.

आबा खाटेवरून सगळं ऐकत होते. "संद्या, हिकडं ये." मी गेलो. "तुज्या देवाला डावं पाडता येतंय का?"

"न्हाई, आबा."

"कुणी शिकवलं त्येला?"

"मी."

काकींनी डोळ्यांना पदर लावला. आबा पट्टीकडे बघत राहिले. पट्टीला आता वास येत होता, आणि तो अंगठ्याच्या बराच मागून येत होता. मग ते म्हणाले, "डावं पडायची सोय कर. मग इचारतो."

मी ती आज्ञा पुसली. फुलं त्यांची त्यांनी पडावीत असं जमेल तसं केलं आणि गुरुवारी सकाळी हेडसेट पुन्हा आबांना दिला. या वेळी त्यांनी सरळ विचारलं, "कापू देऊ का?"

एकही फूल पडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आबा हात जोडून बसलेले, काकी माझ्याकडे बघतायत, मी फुलांकडे. विसाव्या मिनिटाला लॅपटॉप काळा झाला. अख्ख्या वॉर्डाला होकार देऊन हेडसेटची बॅटरी संपली होती आणि ती चार्ज करायला मी विसरलो होतो.

"अंधार झाला रं," आबा आतून म्हणाले.

"आबा, बॅटरी..."

"गप." ते थोडा वेळ तसेच अंधारात बसले. मग स्वतःच हेडसेट काढला, नीट पुसला, माझ्या हातात दिला. "वरनं हुकूम आला न्हाई, तर पोस्टवर जो असतोय त्यानं ठरवायचं. बाईंना बोलव. सही कुठं करायची?"

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली आणि पट्टीकडेच बघत म्हणाल्या, "सोमवारी तीन बोटं होती. आता घोट्यापासून."  त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं प्रकल्प जमा करायचा होता. वापरकर्त्याच्या सहीचा अभिप्रायाचा फॉर्म लागतो, म्हणून मी गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. मी फॉर्म पुढे केला. पाच प्रश्न, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही'चे चौकोन. 'मन शांत झाले का?' 'खोली खरी वाटली का?' वगैरे.

आबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ह्या खुणा कुणी केल्या?"

पाचही 'होय' मी एसटीतच भरून आणले होते. आबांना त्रास नको म्हणून.

 आबांनी पेन मागून घेतलं, सगळ्यात खाली 'सूचना' अशी जागा होती तिथे फौजी अक्षरात एक ओळ लिहिली आणि सही केली. ती मी बसमध्ये वाचली.

'देव ठीक आहे. पुजारी बदलावा.'

सरांनी तोंडी परीक्षेत ती ओळ दोनदा वाचली. "देव नको म्हटलं होतं ना? आणि हा पुजारी कोण?"

मी हात वर केला.