मागे राहिलेला कोंबडा

विद्यानगरच्या आतल्या गल्लीत तीन बाजूंनी अपार्टमेंट उभी राहिली आणि मध्ये त्रिवेणीबाई बिरादारांचं बैठं घर तेवढं उरलं. घरामागे परस आहे. त्यात एक शेवगा, एक सीताफळ, धुण्याचा दगड आणि भिंतीला लागून कोंबड्यांचं खुराडं.

त्रिवेणीबाई उदगीरच्या बाजूच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या, तेव्हा आईनं रुखवताच्या भांड्यांबरोबर एक तलंग दिली होती. नव्या नवरीनं मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन बसमधून उतरावं, हे सासूबाईंना मुळीच रुचलं नाही. पण थोड्याच दिवसांत कोंबडीनं धान्याच्या पोत्यामागे अंडं घातलं आणि ते सासूबाईंनाच सापडलं. मग त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून हे परस कधी रिकामं राहिलेलं नाही.

त्यांच्या नवऱ्याला, एकनाथरावांना, मात्र कोंबड्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. ते जामबागेतल्या एका शाळेत कारकून होते. सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवेलागणीला परतायचे. रविवारी ताटात आलेलं अंडं घरचं की दुकानातलं, हेही त्यांनी कधी विचारलं नसेल. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी पेपर वाचण्यात आणि बँकेत उगीचच चकरा मारण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी एक स्टूल उचललं, परसात नेऊन ठेवलं आणि त्यावर बसायला लागले. त्रिवेणीबाईंना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. इतकी वर्षं दिवसाचं घर त्यांच्या एकटीचं होतं. आता धुणं धुताना, भांडी घासताना कुणीतरी बघतंय असं वाटायचं. पण नवरा कोंबड्या बघत होता, त्यांना नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी मनावर घेणं सोडून दिलं.

त्या पावसाळ्यात पिवळी कोंबडी खुडुक बसली होती. पिलं निघायच्या आधीच म्हातारा कोंबडा एका सकाळी खुराड्यात मरून पडलेला सापडला. पिलं निघाली, वाढली, आणि दिवाळीच्या सुमारास कळलं की वाचलेली पाचही नर आहेत.

संक्रांतीपर्यंत पाचांचे पाच तुरे लाल झाले. चौघं आरवायला शिकले. एकानं सुरू केलं की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, मग तिसऱ्यानं. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या सुजाताम्मा एक दिवस फाटकाशी आल्या. त्यांचा मुलगा रात्रपाळी करून पहाटे झोपायचा. "आंटी, बुरा नक्को मानना," त्या म्हणाल्या, "लेकिन बच्चा सो नहीं सकरा." त्रिवेणीबाईंनी बुरा मानला नाही. त्यांचं स्वतःचं डोकं उठलं होतं.

पण खरी अडचण आवाजाची नव्हतीच. कोंबड्या सहा आणि माजावर आलेले कोंबडे चार. सकाळी खुराडं उघडलं की धुमाकूळ सुरू. एकानं कोंबडीला दाबलं की दुसरा त्याला ढकलून वर चढायचा. पिवळीच्या पाठीवरची पिसं पार गेली होती, खाली लाल कातडी दिसायची. ठिपकी तर खाली उतरेचना. शेवग्याच्या फांदीवरून ती दिवसभर खालच्या दाण्यांकडे बघत बसायची. सगळ्यांत जाणती काळी कोंबडी तेवढी पाय रोवून उभी राहायची, पण चौघांपुढे तिचंही काही चालायचं नाही. अंडी जवळपास थांबली.

पाचवा कोंबडा निराळा होता. तो आरवायचा नाही, कोंबड्यांच्या वाटेला जायचा नाही. भावांनी टोचलं की धुण्याच्या दगडामागे जाऊन उभा राहायचा. एकनाथरावांनी त्याचं नाव मुका ठेवलं होतं. ते त्याला दगडामागे वेगळी कणी टाकायचे.

एका सकाळी चहा घेताना त्रिवेणीबाई म्हणाल्या, "बुधवारी नेते त्यांना."

"कुणाला?"

"कोंबड्यांना. गफूरभाईच्या चिकनच्या दुकानात."

साखर केव्हाच विरघळली होती, तरी एकनाथराव चहा ढवळत राहिले. "पाचही?"

"पाचही. त्या बिचाऱ्यांच्या पाठी बघितल्याव का तुम्ही? दिवसभर तिथंच बसून असता."

"बघितलंय की," ते म्हणाले. "पण तो मुका राहू दे. तो काय करतो कुणाला?"

"आज नाही करत."

"मग उद्याचं उद्या बघू."

त्रिवेणीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या संसारात या माणसानं कोंबड्यांविषयी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

बुधवारी उजाडायच्या सुमाराला त्यांनी चौघांना खुराड्यातूनच एकेक करून बाहेर काढलं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पाय बांधले, सुतळीनं नाही, सुतळी रुतते. दोन टोपल्यांत ठेवून रिक्षानं घेऊन गेल्या. एकनाथराव तोवर फिरायला निघून गेले होते. एरवी ते चहा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

गफूरभाईंनी एकेकाला हातात तोलून बघितलं. "घर के पाले हुए हैं अम्मा. अच्छे पाले."

"हौ," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"आप उधर बैठो, मैं करके देतूं."

त्या बसल्या नाहीत. आपण वाढवलेलं जनावर परक्याच्या हाती टाकून तोंड फिरवायचं नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे. प्रत्येकाला त्यांनी स्वतः टोपलीतून उचललं, पंखांवरून हात फिरवला आणि गफूरभाईंच्या हातात दिलं. चौथा उचलला तेव्हा त्याच्या छातीची धडधड त्यांच्या तळव्याला लागली. त्यांना वाईट वाटलं. पण आपण चुकीचं करतोय असं वाटलं नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी राहिल्या, आणि त्यांनी त्या तशाच राहू दिल्या.

घरी येऊन त्यांनी एक कोंबडा शिजवला, दोन फ्रीजरमध्ये ठेवले आणि एक सुजाताम्मांकडे दिला. रस्सा झकास झाला होता. सोबत ज्वारीची भाकरी. एकनाथरावांनी वरणभात मागितला.

"पित्त झालंय," ते म्हणाले.

"होतं कधी कधी," त्या म्हणाल्या आणि वरणाला फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी सुजाताम्मा डबा परत घेऊन आल्या. डब्यात गोंगुराचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं होतं. असली नाटु कोडी, गावठी कोंबडी, दुकानात मिळत नाही म्हणाल्या, आणि जाता जाता विचारलं, "फिर कब है आंटी?"

त्रिवेणीबाईंचा अंदाज असा होता की आता कोंबड्या सुटतील, खाली येतील, खातील. आजवर असंच होत आलं होतं. पण परसात वेगळीच शांतता पसरली. ठिपकी फांदीवरून उतरेना. पिवळी खुराड्याच्या दारातून मान बाहेर काढायची, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची आणि परत आत जायची. दाणे टाकले तर सगळ्या आधी धुण्याच्या दगडाला लांबून वळसा घालायच्या, मागे कुणी दडलंय का बघायच्या, मगच टोच मारायच्या.

"त्यांना अजून वाटायलंय, ते आहेतच," एकनाथराव स्टुलावरून म्हणाले. त्या बुधवारनंतर कोंबड्यांविषयी ते पहिल्यांदाच बोलत होते.

"समजेल हळूहळू," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

समजलं, पण समजलं तेव्हा भांडणं लागली. इतके दिवस सगळ्या जणी कोंबड्यांपासून जीव वाचवण्यात गुंतल्या होत्या. आता दाण्यावर आधी कोण, खुराड्यात वरच्या दांडीवर कोण, याचा निकाल नव्यानं लावायचा होता. काळीनं ठिपकीला पिटाळलं. ठिपकीनं तो राग बोडक्या मानेच्या कोंबडीवर काढला. पिवळी सगळ्यांचाच मार खायला लागली. एका दुपारी तिच्या तुऱ्यातून रक्त आलं, तेव्हा त्रिवेणीबाईंनी तिला मांडीवर घेऊन तेल-हळद लावली आणि दोन दिवस डालग्याखाली झाकून वेगळं ठेवलं.

"बायकांची भांडणं लवकर मिटत नाहीत," एकनाथराव म्हणाले.

"पुरुषांची मिटवायला रिक्षा करावी लागली," त्या म्हणाल्या.

एकनाथरावांना हसू आलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी फ्रीजरमधल्या कोंबड्यांचं काय केलं म्हणून विचारलं, आणि वाढलं तर खाल्लंही.

याच सुमाराला मुका बोलला. पहाटे फाटक्या बासरीतून हवा निघावी तसा आवाज आला. एकनाथराव उठून बसले. "आपला मुका," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद लपत नव्हता. त्रिवेणीबाईंनी उशीत तोंड खुपसलं.

आठवड्याभरात आवाज नीट लागला. मान ताठ झाली, आणि दगडामागे लपणारा तो मुका परसाच्या मधोमध फिरायला लागला. मग त्यानंही तेच सुरू केलं. दाणे खाणाऱ्या कोंबडीच्या मागून धावत जायचं, मानेची पिसं धरायची, वर चढायचं. ठिपकी पुन्हा शेवग्यावर गेली.

"म्हटलं होतं ना मी," त्रिवेणीबाई म्हणाल्या, "आज नाही करत म्हणून."

एकनाथरावांनी ठिपकीसाठी मूठभर कणी फांदीखाली टाकली.

"रविवारी नेते."

"रविवारपर्यंत आहे ना?" एवढंच ते म्हणाले.

त्रिवेणीबाई स्वयंपाकघरात गेल्या, पण मनात विचार घोळत राहिला. माहेरी इतके कोंबडे असायचे, तिथं असं का व्हायचं नाही? तिथं एक जाणता कोंबडा असायचा. पोरगेलसा कोंबडा आगाऊपणा करायला लागला की तो त्याला हाणायचा. इथं म्हातारा आधीच मेला. यांना रीत शिकवणारं कुणी नव्हतंच. पाच भाऊ एकमेकांचं बघून वाढले, आणि दांडगाई सोडून एकमेकांना शिकवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. मात्र त्या दिवशी मुका काळीच्या मागे लागला, तेव्हा हुसकायला घेतलेला झाडू त्यांनी हातातच धरून ठेवला. आता चार जण नव्हते, एकच होता. काळी गर्रकन वळली, पिसं फुलवली आणि त्याच्या डोक्यावर अशा टोची मारल्या की तो सीताफळाच्या बुंध्याशी जाऊन आदळला. तो पुन्हा आला. पुन्हा मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी बोडक्या मानेच्या कोंबडीनंही त्याला हाणून बघितलं आणि ते जमलं. शुक्रवारी मुका काळीला लांबून बगल देऊन जायला लागला.

शनिवारी एकनाथरावांनी गच्चीवर पडून असलेली एक जुनी चौकट खाली आणली. तिला वाळवी लागली होती. त्यांनी ती परसात आपटली. पांढऱ्या वाळवीचा सडा पडला. मुका सगळ्यांत जवळ होता. त्यानं एक किडा चोचीत उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. गळ्यातून बारीक, घाईघाईचा 'कुक कुक कुक' असा आवाज काढायला लागला. खात मात्र नव्हता.

त्रिवेणीबाई खिडकीत भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. हा आवाज त्यांना माहीत होता. म्हातारा असाच बोलवायचा.

काळी आली. तिनं आधी त्याच्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग त्याच्या चोचीपुढचा किडा उचलून गिळला. तो एक पाऊल मागे सरला. मग पिवळी आली. मग बोडक्या मानेची. सगळ्यांत शेवटी ठिपकी शेवग्यावरून उतरली आणि गर्दीत घुसली. त्या खात होत्या तोवर मुका मान उंच करून आकाशाकडे, भिंतीकडे बघत उभा होता. वाळवी संपत आली तेव्हा त्यानं उरलेसुरले किडे टिपले.

एकनाथराव हातातली चौकट खाली ठेवायचंही विसरले होते.

रविवारी सकाळी त्रिवेणीबाई पिशवी घेऊन निघाल्या. एकनाथराव दारापर्यंत आले. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? चिंच आणि खोबरं आणायचंय नारायणगुड्यातून."

"आणि तो?"

"त्याचं काय?" त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

तेव्हापासून संध्याकाळी खुराड्यावर जाड गोणपाट पडतं आणि सकाळी उशिरा निघतं. आतल्या अंधारात मुक्याला दिवस उजाडल्याचा पत्ता लागत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण सुजाताम्मांच्या मुलाला दोन तास जास्त झोप मिळते. ते गोणपाट काढायचं काम एकनाथरावांनी मागून घेतलं.

उन्हं तापायला लागली तोवर पिवळीच्या पाठीवर काड्यांसारखी नवी पिसं फुटली, मग ती उलगडली. अंडी वाढली. भांडणं पूर्ण थांबली नाहीत, पण कोण कुणाच्या आधी खाणार हे ठरून गेलं, आणि नुसत्या मानेच्या हिसक्यानं काम भागायला लागलं.

वैशाखात त्रिवेणीबाईंच्या भाचीचं, श्रुतीचं लग्न भालकीला होतं. आजवर त्या माहेरच्या कुठल्याच कार्याला एका रात्रीपेक्षा जास्त राहिल्या नव्हत्या. कोंबड्यांचं कोण बघणार, हे कारण दरवेळी खरंच असायचं. या वेळी एकनाथराव म्हणाले, "हळदीपासून राहा. मी आहे."

त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या असताना त्यांचा फोन वाजला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून त्या शामियान्याबाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. एकनाथराव सांगत होते की काल घार फिरत होती, मुका ओरडला, सगळ्या सीताफळाखाली पळाल्या, ठिपकी तेवढी उशिरा, पण तीही पोचली. आज चार अंडी. बोडक्या मानेच्या कोंबडीनं शेवग्याखाली खड्डा करून मातीत अंघोळ केली. पाण्याचं भांडं सावलीत हलवलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"जेवलो. अंड्याची पोळी केली."

"तुम्ही?"

"मग कोण?" ते म्हणाले. तिकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. "थांब, दाणे टाकायचेत. ठेवतो."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्रिवेणीबाईंनी फोन पदरात गुंडाळला आणि पंगतीत जाऊन बसल्या.