खारवलेला बाप

चहा घ्या आधी. मी हळू बोलतो, त्यामुळे कप रिकामा झाला तरी माझं बोलणं संपलेलं नसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि हसायचं ते शेवटी हसा. कारण माझ्या हातून हा गाढवपणा झाला त्या दिवसांत मी इतका भ्यालो होतो, की भरतीनं गावचा बांध फुटला तेव्हाही एवढा भ्यालो नव्हतो.

माझी लेक दर्शना रोह्याला दिलेली. जावई तिथेच कंपनीत, शिफ्टची नोकरी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला घरी आणली. आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. माझा जन्म मिठागरात गेला. अजूनही उन्हाळ्यात मीठ ओढायला जातो. शाळेचं म्हणाल तर शाळेनं मला फार दिवस ठेवून घेतलं नाही.

सरकारी दवाखान्यात पोटुशी बायकांची तपासणी ठरल्या दिवशी असते. आमची म्हातारी, म्हणजे दर्शूची आई, दर्शू आणि मी, तिघं गेलो. सिस्टरनं दर्शूच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि परत फुगवला. चांगली गोष्ट कोणी दोनदा मोजतं का?

"प्रेशर जरा वर आहे," सिस्टर म्हणाली. "घाबरायचं काही नाही. पण ताई, पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. जेवताना वरून मीठ घ्यायचं नाही. पायाला जास्त सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी बसून राहायचं नाही, लगेच यायचं. अंगावर काढलं की झटके येतात."

घाबरायचं काही नाही आणि झटके येतात! एका दमात दोन्ही ऐकल्यावर माणसानं काय करावं, तुम्हीच सांगा.

त्यात माझी थोरली बहीण पहिल्याच बाळंतपणात गेलेली. मी लहान होतो. तिला होडीत घालून पलीकडे नेत होते, तेवढं आठवतं. तिचे पाय सुजले होते आणि पैंजण मांसात रुतले होते. त्या दिवशी दवाखान्यात बाकावर बसून मी दर्शूच्या पायांकडे बघत होतो आणि मला तेच पैंजण दिसत होते.

येताना रिक्षात दर्शूच्या शेजारी बसलो होतो. सहज माझ्या हाताकडे लक्ष गेलं. तळहाताच्या भेगांत पांढरं. नखांच्या कडेला पांढरं. कोपरावर तर खवलंच धरलेलं. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. आता प्रकाश म्हणतो, पण तो अंधारच होता.

आमच्यात जुनी माणसं सांगतात, मिठागरात राबलेल्या माणसाचे पाय चितेवरही लवकर जळत नाहीत, इतकं मीठ मुरलेलं असतं. मग मला सांगा, ताटातलं चिमूटभर मीठ जर पोरीला बाधतं, तर तिच्या शेजारी बसलेला हा मुरलेला बाप किती बाधत असेल? मी म्हणजे चालता-बोलता खारवलेला बोंबील. आणि बोंबील तर सिस्टरनं बंद केलेले.

वडखळच्या नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा मी उतरलो आणि पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो.

"बाबा, तिथं कशाला?" दर्शूनं विचारलं.

"वारा लागतो," मी म्हणालो.

कोणाला नीट विचारायचं होतं की नाही? होतं. पण मी बोलायला तोंड उघडतो तोवर समोरचा माणूस आपलं काम उरकून निघून गेलेला असतो. जन्माची खोड. त्यात मनातलं भय बोलून दाखवलं की ते खरं होतं, अशी एक समजूत. म्हणून गप्प राहिलो आणि माझे माझे उपाय सुरू केले.

सकाळ-संध्याकाळ साबण लावून आंघोळ. पायाला दगड घासघासून कातडं सोलवटलं. माझी खाट पडवीतून उचलून मागच्या मांडवात नेली. दर्शूनं पाणी मागितलं तर मी म्हातारीला हाक मारायची. ती माझ्या बाजूला येऊन बसली, की मला लगेच कोंबड्या हाकायची आठवण व्हायची. कोंबड्या कधीच विकल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

ही पोर लहान होती तेव्हापासून उन्हाळ्यात कामावरून येताना मी तिला कैरी आणायचो. अंगणात बसून चिरायची, तिखट-मीठ लावायचं आणि दोघांनी खायची. लग्नानंतरही माहेरी आली की पहिली मागणी तीच.

"बाबा, कैरी नाय आणली?"

"नाय."

"मीठ नको लावू. नुसती दे."

"नाय म्हणून सांगितलं ना."

माझा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला. भीतीनं चढला, पण पोरीला ते कसं कळणार? ती उठून आत गेली.

अमावास्येला म्हातारी दर्शूची दृष्ट काढायला बसली. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. ती मूठ पोरीच्या डोक्यावरून फिरू लागली आणि माझा जीव वर-खाली. तीन हात लांबून मी झडप घातली आणि तिचं मनगट धरलं. मीठ सांडलं, मिरच्या चुलीऐवजी माझ्या डोळ्यांकडे आल्या.

"मीठ ओवाळतेस तिच्यावरून?" मी ओरडलो.

"मग काय साखर ओवाळू?" म्हातारी म्हणाली. "पोरीची दृष्ट काढलेली पण बघवत नाय तुम्हाला? काय झालंय काय?"

दर्शू नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर आठवली की अजून घास उतरत नाही.

पुढच्या तपासणीला प्रेशर आणखी वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. म्हणाल्या, असंच चढत राहिलं तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. मी घरात आहे तोवर हे उतरायचं नाही, एवढं मला स्वच्छ दिसलं. घरी आलो, पिशवीत दोन कपडे टाकले, पेणला जाऊन गाडीत बसलो आणि निडीला मेहुण्याकडे निघून गेलो. सांगितलं काय? तर मेहुण्याच्या कौलांचं काम आहे. मेहुण्याचं घर स्लॅबचं.

बातमी रोह्याला पोचायला वेळ लागत नाही. निडी म्हणजे रोह्याच्या उंबरठ्यावर. रात्रपाळी करून जावई सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पोरगा गुणी आहे. खाली मान घालून म्हणाला, "मामा, आमच्याकडून काय चुकलं काय?"

"नाय."

"दर्शना रोज रडते. म्हणते, बाबांना मी घरात नकोशी झाले. तसं असेल तर सांगा, मी तिला रोह्याला घेऊन जातो. माझी आई करील."

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो. एवढ्यात मेहुण्याची बायको चहा घेऊन आली, जावयाचा फोन वाजला आणि तो उठला. जाता जाता म्हणाला, "येत्या तपासणीनंतर नेतोच."

आता भीती दुप्पट झाली. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरातून अशी परत गेली तर ती जन्मभर विसरत नाही. आणि इथे ती परत जाणार होती सुजलेल्या पायांनी, बाप रागावलाय असं समजून.

तपासणीच्या दिवशी मी निडीहून परस्पर दवाखान्यात गेलो. आत नाही गेलो. खिडकीखाली भिंतीला टेकून बसलो. आतल्या बाकांवर बायका, त्यांत दर्शू, म्हातारी आणि जावई. त्या दिवशी शहरातून एक शिकलेली मुलगी आली होती. या दवाखान्यातल्या तपासणीनं गरोदर बायकांचं समाधान होतं का, असं ती एकेकीला विचारत होती.

"होतं की," एक डोंगराकडची बाई म्हणाली. "सिस्टर गोड बोलतात. फक्त पंखा सिस्टरच्या डोक्यावर हाय, आमच्या डोक्यावर नाय."

दुसरी म्हणाली, "पाणी पी, पाणी पी, सांगतात. मग संडासाला कडी लावा ना गो, सारखं जावं लागतं."

सगळ्या हसल्या. मग दर्शूची पाळी आली.

"डॉक्टर नीट समजावून सांगतात?"

"व्हय."

"गोळ्या वेळेवर मिळतात?"

"मिळतात."

"आणि घरचे काळजी घेतात?"

आतून हुंदका आला. "इथली परकी माणसं हात धरून विचारतात," दर्शू म्हणाली. "माझा बाप माझ्याजवळ उभा पण राहत नाय."

मी उठलो. कसा उठलो कळलं नाही, पण दारात जाऊन उभा राहिलो. आत पाऊल टाकवेना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"बाबा, या ना आत."

"नको," मी म्हणालो. "लांबूनच बोलतो. माझ्या अंगाला मीठ हाय."

आणि मग बोललो. त्या दिवशी कोणी मधे उठून गेलं नाही. हात दाखवले, घासून सोललेले पाय दाखवले, बहिणीचं सांगितलं. म्हणालो, पोरीचं प्रेशर माझ्यामुळे चढलं असेल तर मी निडीलाच राहतो, पण तिला माहेरातून नेऊ नका.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, मीठ तोंडावाटे पोटात जातं. बापाच्या अंगावरून उडून लेकीच्या रक्तात जात नाही."

"अवो, मी जन्मभर तुमच्या शेजारी झोपले," म्हातारी म्हणाली. "माझी पोरं काय लोणच्यात झाली?"

मग जे हसू फुटलं, ते पंखा नसलेल्या बाकांवरून पार गोळ्यांच्या खिडकीपर्यंत गेलं. दर्शू हसत होती आणि रडत होती. ती पोट सावरत उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात घट्ट धरला. मी सवयीनं मागे ओढला. तिनं सोडला नाही.

थोडा वेळ तिला शांत बसवून सिस्टरनं पट्टा बांधला. गोळीचा गुण आला होता. प्रेशर उतरलं होतं, थोडंसंच, पण उतरलं होतं. जावयानं रोह्याची गोष्ट काढलीच नाही.

"आलाच आहात तर तुमचंही बघू," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत फुगवला.

मला कळलं.

"बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकीपेक्षा तुमचंच कितीतरी जास्त आहे. आजपासून रोज गोळी घ्यायची. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. वरून मीठ नाही."

समाधान विचारणारी ती मुलगी खाली मान घालून हसत होती. तिनं मला काही विचारलं नाही, बरं झालं.

दर्शू सुखरूप बाळंत झाली, त्याच दवाखान्यात. नात झाली. मी मात्र अजून सुटलेलो नाही. म्हातारी एकाच पातेल्यात सगळ्यांचं अळणी रांधते, म्हणजे मला चोरून दुसरं वाढून घेता येत नाही. उन्हाळाभर मिठाच्या राशी ओढायच्या आणि घरी येऊन अळणी कालवण ओरपायचं.

परवा नातीला मांडीवर घेतली. तिनं माझं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. मी दचकून काढायला गेलो, तर दर्शू म्हणाली, "असू दे बाबा. या घरात चवीचं तेवढंच उरलंय."