चित्रात ठेवलेलं पाणी

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा छापून आणायचे आणि आई नि मी ओट्यावर बसून घड्या घालायचो. खाडी वाचवा, हरित पट्टा वाचवा, खाजणातला भराव थांबवा. 'बदक' हा शब्द वाचायला येण्याआधी मला 'भराव' वाचता येत होता. त्यामुळे पुढे जे घडलं ते माझ्या हातून नकळत घडलं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी वालीवला एका गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर काम करत होते. खाली प्लास्टिकचे साचे बनायचे आणि त्या यंत्रांनी वरची आमची टेबलं दिवसभर थरथरायची. आम्ही चौघं कॉम्प्युटरवर अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचो. इमारत, रस्ते, झाडं आयती यायची. माझ्या वाट्याला उजेड होता. सूर्य कुठे ठेवायचा, हवेत धूळ किती, पाठीमागचा डोंगर किती फिका करायचा, हे मी ठरवायचे. लोकांना वाटतं चित्रात इमारत बघायची असते. खरं तर माणूस हवा बघतो. हवा पटली की इमारत आपोआप पटते.

एके दिवशी सरांनी नवीन काम दिलं. मोठी वसाहत होती. स्क्रीनवर जमिनीचा नकाशा उघडला आणि खाडीचं वळण मी लगेच ओळखलं. आमच्या पाड्यामागचं बंद पडलेलं मिठागर आणि त्याला लागून असलेलं भरतीच्या पाण्याचं, चिखलाचं खाजण. नकाशात त्यावर सपाट भराव होता, भरावावर हिरवळ.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. चित्र काढणं म्हणजे काही भराव टाकणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसरं कारण मी बाबांना कधीच सांगितलं नाही. आमची जागा दुसऱ्या कुणी वाईट काढली असती, तर ते मला सहन झालं नसतं.

पहिलं चित्र सरांनी दोन मिनिटं पाहिलं. "मढं दिसतंय गं. आपल्याला बारशाला जायचंय, मसणात नाही."

त्यांचं बरोबर होतं. आकाश मी ऑफिसातल्या तयार चित्रांच्या साठ्यातून घेतलं होतं, कुठल्या तरी थंड देशातलं, धुतल्यासारखं. त्या उजेडात इमारती कापून चिकटवल्यासारख्या दिसत होत्या.

मग चार दिवस मी उजाडताना बांधावर जाऊन उभी राहिले. थंडीचे दिवस होते. सूर्य तुंगारेश्वरच्या डोंगरामागून वर यायचा, पण त्याआधीच डोंगराचे थर वेगळे व्हायचे. जवळचा निळसर, मागचा राखाडी, त्यामागचा जवळजवळ नाहीच. मिठागरात साचलेल्या पाण्यावरून पातळ वाफ उठायची, पाड्यातल्या चुलींचा धूर तिच्यात मिसळायचा आणि महामार्गाची धूळ वर तरंगायची. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौथ्या दिवशी कळली. आपल्याकडे सकाळचा उजेड वरून येतो त्याहून जास्त खालून येतो. पाणी तो वर फेकतं. खाडीकाठच्या चिपीच्या झाडांची पानं खालच्या बाजूनं उजळतात, बांधावरून चालणाऱ्या माणसाची हनुवटी उजळते.

चित्रातली हिरवळ उजेड गिळत होती. म्हणून मी इमारतींसमोर पाण्याचा एक पत्रा अंथरला, त्याला बारीक तरंग दिले, वर वाफ सोडली आणि पाठीमागून सूर्य लावला. कॉम्प्युटरवर रेंडर होऊन पूर्ण चित्र समोर आलं तेव्हा खरोखर माझ्या अंगावर काटा आला. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

"सर, नकाशात हे पाणी नाही," मी म्हटलं.

"राहू दे. बारीक अक्षरांत 'कल्पनाचित्र' टाकू की."

तिकडे पाड्यात बाबा या भरावाविरुद्ध कचेरीत द्यायचा हरकतीचा अर्ज तयार करत होते. मुदत संपायला आठवडा उरला होता. खाजणाचा बांध फुटला की पूर्वी घरटी एक माणूस माती टाकायला जायचं. तेव्हापासूनची आमची रीत अशी की कागदावर सही करायची तर सगळ्या घरांनी, नाही तर कुणीच नाही. अर्ज गेला तर भराव अडण्याची थोडी आशा होती. न गेला तर कसलीच नव्हती.

सह्यांसाठी सगळे देवळासमोर जमले. आदल्या दिवशी वसाहत बांधणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन देवळाच्या कठड्याला फ्लेक्स बांधून गेला होता. त्यावर माझं चित्र होतं, दोन माणसं उंच. लोक पत्रक हातात घेऊन फ्लेक्सकडे बघत होते.

"हा बघ उजेड," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची चुलतबहीण. खाजणातल्या चिखलात निवट्या मासे पकडून बाजारात विकण्यात तिचं आयुष्य गेलं. "हा आपल्याच बांधावरचा हाय. सकालचा."

एक काका म्हणाले, "पत्रकात लिवलंय खाजन बुजवनार. इथं तर पानीच पानी!"

"अरे, चित्र हाय ते," बाबा म्हणाले.

"आनि तुझं पत्रक काय खाडी हाय? तोपन कागुदच!"

सगळे हसले. बाबाही थोडे हसले.

मी उभी राहिले. "ते चित्र मी केलंय. पाणी मी टाकलंय. नकाशात पाणी नाही, भराव आहे. खोटं आहे ते."

मग आत्या पुढे आली, तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बेस केलंस गं बाय. पाड्याची पोर आत हाय, तिनं पानी ठेवलं. आता कशाला सह्या न् बिह्या?"

"आत्या, उजेड पडावा म्हणून ठेवलंय!"

"मंग? उजेड नको काय?"

माझा कबुलीजबाब त्यांना आश्वासन वाटला. परक्याचं चित्र असतं तर त्यांनी संशय घेतला असता. माझं होतं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पाणी काढून तेच चित्र पुन्हा केलं. सूर्य तोच, धुकं तेच, फक्त नकाशात होता तसा भराव. संध्याकाळी ते घेऊन घरोघरी फिरले. खरं चित्र खोटं दिसत होतं. वाफेला खाली आधार नव्हता, इमारती पुन्हा मेल्या होत्या. काका म्हणाले, "हे बापानं सांगून करवलंन. आधीच्यात जीव होता." कुणी रागावलं नाही. चहा दिला.

मुदतीच्या दिवशी अर्जावर तीन सह्या होत्या. बाबांची, आईची, माझी.

"तीन तर तीन, देऊन येऊ," मी म्हटलं.

"पाड्याचा अर्ज हाय तो. आपल्या तिघांचा नाय." त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला. मग म्हणाले, "एवढी वर्षं पत्रकं काढली. तुझ्या चित्राइतकं एकपन पटलं नाय कोनाला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्याशी भांडले, रडले, आणि एकटीची हरकत लिहून कचेरीत देऊन आले. त्यावर शिक्का मिळाला. त्यापुढे काही झालं नाही.

नोकरी मी सोडली. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. तो पाण्याचा पत्रा, ती वाफ, तो खालून येणारा उजेड मी नाव देऊन तिथल्या साठ्यात ठेवला होता, तो आता सगळे वापरतात. नालासोपाऱ्यातल्या एका जाहिरातीत तो मला दिसला, मग विरारमधल्या. जिथे कधी पाणी नव्हतं आणि कधी असणार नाही, तिथेही आमच्या बांधावरची सकाळ पसरलेली असते. चांगलं काम केलं की ते टिकतं, असं मला शिकवलं होतं. टिकलं.

डंपर आले तेव्हा मी बघायला गेले. लाल मुरूम पडत होता, जवळपास अर्धं खाजण बुजलं होतं. आत्या पाटी घेऊन बांधावर उभी होती.

"आधी भरतील, मंग मधी खनतील, मंग पानी सोडतील," ती म्हणाली. "तसंच करतात ना?"

"नाही आत्या. पाणी नाहीच आहे."

तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तू काम सोडलंस ना. आता तुला नसतील सांगत."

समजूत ती माझी काढत होती. मागून डंपरनं हॉर्न दिला. ती बाजूला झाली, आणि मीही झाले.