मामांची पोचे पडलेली परात

सातपुड्याच्या अख्ख्या पायथ्याला आभाळाला भिणारा माझ्या मामांसारखा दुसरा माणूस झाला नसेल. वाघाला, भुताला, फौजदाराला ते भीत नसत. पण हरभरा घरात यायला लागला, की सोनाळ्याच्या त्या धिप्पाड माणसाची मान जी वर व्हायची, ती गारांचे दिवस सरेपर्यंत खाली येत नसे. संग्रामपूरच्या बाजाराला निघाले तरी वर बघत चालायचे आणि उभ्या बैलगाड्यांवर आदळायचे. ढगाचा एवढासा तुकडा दिसला, की पितळी परात डोक्यावर उपडी घालून ओट्यावर बसत. येणारेजाणारे हसत. "हसा लेकहो," मामा म्हणत, "तुमच्यावर टिनं हायेत. माह्या घरावर कवेलू हायेत, मातीचे!"

गारा थांबाव्यात म्हणून अंगणात लोखंड फेकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीचे लोक गारा सुरू झाल्यावर एखादी कुऱ्हाड टाकत. मामा आभाळ जरा काळवंडलं, की कुऱ्हाड, पहार, चुलीवरचा तवा, झालंच तर मामींच्या हातातली विळी, सगळं भिरकावून देत. स्वयंपाक तिथेच अडायचा. "आभाय निवयलं असंन तं माहा तवा आनून द्या," असं मामी आतून ओरडत आणि मामा परातीखालून म्हणत, "अजून भरोसा नाही."

चार गारा पडून गेल्या, की तपासणी. कवेलूला गेलेली बारीक चीर एरवी दिसत नाही. म्हणून मामा ऊन पडताच दारंखिडक्या लावून घेत आणि आम्हाला अंधारात बसवत. जिथून उन्हाची तिरीप येईल तिथे चीर. इथपर्यंत सारं ठीक होतं. पण छपरावर चढल्यावर नेमकं तेच कवेलू कसं सापडणार? त्यावर मामांनी अक्कल लढवली होती. ते खालूनच त्या चिरेत कपाशीची वाळकी पऱ्हाटी खुपसत, म्हणजे वरून खूण दिसावी. काडी जाईना, की जोर करत, आणि ते कवेलू शेजारच्याला घेऊन खाली येई. संध्याकाळपर्यंत छपरावर कपाशीचं शेत उभं राही. मी तेव्हा जळगाव जामोदला मास्तर होतो, रविवारी मामांकडे जायचो. एकदा न राहवून म्हणालो, "मामा, गारांपेक्षा तुम्हीच जास्त फोडलेत की हो!" मामा हसले नाहीत. "मी फोडलं तं पाहून फोडलं. गार पाहाते काय, खाली कोन निजलं हाय थे?"

एका वर्षी त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. नातीचा पाळणा माजघराच्या आढ्याला टांगला, आणि मामांची झोप गेली. पाळणा इकडे हलव, तिकडे हलव, करून त्यांनी त्या लेकुरवाळीचा जीव मेटाकुटीला आणला. चिरलेलं कवेलू नाही अशी जागाच त्यांना सापडेना.

एका रविवारी दुपारी वारा एकाएकी पडला. कोंबड्या गप्प झाल्या. सातपुड्याकडून पिवळट अंधार सरकत आला. "आभाय काऊन असं पिवयं दिसून राह्यलं बे?" मामांनी मला विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. लोखंड सगळं अंगणात गेलं, आणि त्यावरच पहिली गार खणकन आपटली. मग छप्पर तडतडू लागलं. लिंबाएवढ्या गारा कवेलू फोडून आत येत होत्या. मी भिंतीला चिकटलो होतो. समोरच्या भिंतीशी मुलगी ओरडत होती, आणि मधे, कवेलूंच्या वर्षावात, पाळणा.

मामांनी डोक्यावरची परात काढली. ती पाळण्यावर धरून ते वाकून उभे राहिले. हात इतके कापत होते, की पाळणा आपोआप हलत होता. "बाबा, डोकं! तुमचं डोकं!" मुलगी किंचाळली. मामा आभाळाकडे बघून ओरडत होते, "मले मार! मले मार ना बे!"

गारा थांबल्यावर नातीचं रडणं ऐकू आलं आणि आमच्या जिवात जीव आला. मामांच्या टकलावरून रक्त ओघळत होतं. मामींनी त्यांची बोटं एकेक करून परातीवरून सोडवली. "गार थांबली काय?" मामांनी विचारलं. "हाव." "खरंच?"

मामांची भीती पुढे कमी झाली नाही. पण परात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पुन्हा घातली नाही. ती नातीची झाली. नात लग्न होऊन जळगाव जामोदला गेली तेव्हा मामा अंथरुणाला खिळले होते. आभाळ भरून आलं, की म्हणायचे, "परात धाडा तिले." मी म्हणालो, "मामा, तिच्या घरावर स्लॅब आहे." "स्लॅब मानसानंच घातला ना?" शेवटी मी परात पोचवून आलो. मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

परवा तिच्याकडे गेलो होतो; मी तिचा मामाच लागतो. ती त्याच परातीत कणीक मळत होती. पीठ पोच्यांत अडकत होतं, ती नखाने काढत होती. म्हटलं, "अगं, ठोकून सरळ का करून घेत नाहीस?"

"राहू द्या मामा," ती म्हणाली. "ह्या साऱ्या गारा मले लागनार होत्या ना."

बाहेर ढग जमत होते. मी वर पाहिलं. स्लॅब चांगला भक्कम होता. तरी बराच वेळ मान खाली करवली नाही.