आर्गिरोच्या हाकेवर उतरणारं गाव

आमच्या अस्प्रोपेत्रा गावाला चालत कोणी येत नाही. मागे डोंगर भिंतीसारखा सरळ उभा, खेचराच्या वाटेने सात तास, आणि खेचरसुद्धा नाखूश. आगबोट दर गुरुवारी येते, आमच्या खडकांना भिऊन लांबच थांबते, आणि तिथून माणसांना किनाऱ्याला आणायचं काम आर्गिरोचं. नवरा स्ताव्रोस गेला तेव्हा त्याची होडी तिच्याकडे आली. कॉफीच्या दुकानातल्या बाप्यांनी तेव्हा भरपूर दात काढले. "बाईच्या होडीत उडी कोण टाकणार?" म्हणे. टाकणार नाहीत तर जातील कुठे? बावीस वर्षं सगळ्यांनी मुकाट्याने टाकली.

तिची एक रीत होती. आगबोटीच्या शिडीखाली होडी लाटेबरोबर खालीवर होते. ती वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकायचं. जरा उशीर झाला की खाली पुरुषभर खड्डा. घाबरलेल्या माणसाला "आता टाक!" म्हटलेलं ऐकूच येत नाही, पण स्वतःचं नाव कानावर पडलं की तो दचकून हलतोच. म्हणून आर्गिरो आधी नाव विचारायची, लाट बघायची आणि बेंबीच्या देठापासून हाक मारायची. हाक आली की उडी.

आता आमच्याकडे नातवाला आजोबांचं, नातीला आजीचं नाव ठेवतात, हा काही तिचा गुन्हा नव्हे. गेल्या ईस्टरला तिने "अनेस्तीऽऽस!" अशी हाक मारली आणि एकाच आजोबांचे तीन नातू एकदम उडाले. एक होडीत, एक होडीच्या काठावर, एक थेट समुद्रात! तिघेही वाचले, सणासाठी रंगवलेल्या लाल अंड्यांची टोपली तेवढी गेली. गाव आठवडाभर पोट धरून हसलं. पण आगबोटीवर नवा कप्तान आला होता, पिरेअस बंदराकडचा व्रेतोस. कपडे कडक इस्त्रीचे, चेहराही तसाच. त्याला काही हसू आलं नाही. "पुन्हा इथे एक जरी माणूस पाण्यात पडला," तो म्हणाला, "तर ही बोट इथे थांबायची कायमची बंद."

ही धमकी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पलीकडच्या खाडीतल्या गावाला बोट थांबेनाशी झाली आणि चार हिवाळ्यांत तिथली शाळा मिटली. आता तिथल्या घरांतून बकऱ्या राहतात. हिच्या एका हाकेपायी गाव उठलं असं लोक म्हणतील, या विचाराने आर्गिरोचा जीव नुसता तुटत होता.

आणि जुलैच्या सत्तावीसला, ऐन संत पांतेलेइमोनच्या जत्रेला, मेला वारा सुटला. समुद्र पांढराफेक. बोटीवर चाळीस माणसं, सगळी अथेन्सला पोटामागे गेलेली, जत्रेपुरती घरी येणारी. गाव खडकांवर उभं राहून बघत होतं. कप्तानाने शिडी सोडलीच नाही. भोंगा वाजवून त्याने बोट वळवायला घेतली.

"काकू, तो चालला!" वल्ह्यावरचा पुतण्या ग्रिगोरिस ओरडला.

"चालला कुठे? मार वल्हं, मेल्या!"

तिने होडी नेऊन बोटीला भिडवली आणि मान वर केली. "कप्तान, शिडी सोड!"

"बाई, डोकं फिरलंय का? समुद्र बघ जरा!"

"समुद्र मी रोज बघते. तू कधीमधी येतोस. सोड शिडी!"

वरून चाळीस तोंडं कप्तानावर तुटून पडली. शिडी खाली आली. आर्गिरोने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या ओळखीच्या तोंडांत अनेस्तीसच नऊ, बायकांत कल्लिरोई सात!

"ऐका रे सगळे!" ती गरजली. "बाप्तिस्म्याची नावं आज खिशात ठेवा. घरचे चिडले की तुम्हाला काय म्हणतात, ते सांगा!"

मग टाय लावलेला एक जाडा गृहस्थ, अथेन्सच्या बायकोकडे न बघता पुटपुटला, "बोकड."

"बोकडाऽऽ!" आणि बोकड बरोब्बर होडीच्या मधोमध उतरला. त्यामागून अर्धा कांदा आला, मग कोंबडीचोर, मग रडूबाई. बोकडाची बायको हसून हसून बेजार, पण तीही उतरली. चार खेपा झाल्या. ग्रिगोरिसचे तळहात सोलून निघाले.

शेवटी एक तरुण आई राहिली, कडेवर सात महिन्यांचं बाळ. आजोबांच्या गावच्या चर्चमध्ये बारसं करायचं म्हणून आणलेलं. ती शिडीच्या तळाला थिजली. आर्गिरोने तीनदा हाक मारली, पण तिचं पाऊल उचलेना. तीन चांगल्या लाटा फुकट गेल्या. बोट खडकांकडे सरकू लागली. कप्तान स्वतः शिडी उतरून खाली आला आणि मायलेकरांना परत वर न्यावं म्हणून त्याने बाळ हातात घेतलं.

"थांब!" आर्गिरो म्हणाली. "तुझं नाव काय रे?"

"कप्तान व्रेतोस."

"ते टोपीचं झालं. आई काय म्हणते तुला?"

"थेमिस."

"हे बघ, थेमिस. हात पुढे कर. मी हाक मारीन तेव्हा बाळ सोड. आधी नाही, नंतर नाही."

त्याने लाटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केले. होडी खाली गेली, आणखी खाली गेली, मग चढायला लागली.

"थेमिऽऽस!"

हात उघडले. बाळ आर्गिरोच्या छातीशी आलं आणि त्याच लाटेवर आईनेही मागोमाग उडी टाकली. ग्रिगोरिसने तिला कमरेला धरून खाली बसवलं.

खडकांवर जो आरडाओरडा झाला त्याला तोड नाही. चर्चची घंटा बडवली, टोप्या उडवल्या, दात काढणारे ते म्हातारे बाप्येसुद्धा लहान पोरांसारखे नाचले. आर्गिरो बाळाला धरून ढसाढसा रडत होती आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

कप्तान अजून शिडीवरच होता. त्याने टोपी काढली.

"बाई," तो ओरडला, "पुढच्या गुरुवारी वारा याहून जोराचा असणार आहे!"

आर्गिरोने डोक्याच्या रुमालाने नाक पुसलं. "मग लवकर ये!"