गाडीचा उंबरा

आमचे मालक त्रिंबक. घेतलं नाव, काय करता, नुसतं 'हे हे' म्हणून तुम्हाला कळायचं नाय. मेंढरांमागं हिंडलेला माणूस. मेंढरं विकून जुनी गाडी घेतली, चितेगावच्या एका कंपनीत लावली, अन् तेव्हापासून ह्यांचा आवाजच गेला. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं.

पैठण रोडची धूळ लई वाईट. दार उघडलं की खालच्या पट्टीवर बोटभर माती. त्या पट्टीला आम्ही उंबरा म्हणतो. एकदा कंपनीच्या साहेबाची पॅन्ट त्याला घासून मळली. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरी गाडी बघू. हे त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या मस्तकात तिडीक गेली. साहेबावर नाय, त्या मातीवर.

त्या दिवसापासून गाडीचा उंबरा मी हातात घेतला. घरच्या उंबऱ्यावर मी पोराबाळांना पाय देऊ देत नाय, तसाच हाही. मी स्वतः टांग टाकून आत बसायची. रोज पुसायचा, सांदीकोपरे जुन्या ब्रशनं काढायचे. तरी माती यायचीच. एकदा वाकून खालून बघितलं, तर उंबऱ्याच्या पोटाला भोकं! म्हणलं, सापडला चोर. आमच्याकडं गळका पत्रा असो की फुटकी टाकी, औषध एकच, डांबर. रस्त्याच्या कामावरचं आणलं, तापवलं, चिंध्या बुडवून सगळी भोकं गच्च बुजवली. ह्यांना सांगितलं नाय. आधी फरक दिसू दे म्हणलं, मग मिरवू.

त्याला दोन पावसाळे झाले. यंदा गाडी आरटीओत पासिंगला न्यायची होती, म्हणून आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पत्र्याचं काम करणाऱ्या रामकिसन डेंटरकडं दाखवायला गेलो. त्यानं उंबऱ्यावर टकटक हातोडी वाजवत आणली. मधेच आवाज बदलला. त्यानं पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत! भळाभळा तांबडं पाणी आलं.

"आतनं सडलंय भाऊ. असं नेलं तर पास व्हायची नाय."

"पास नाय झाली तर कंपनी गेटातनं आत घेत नाय," हे म्हणाले. तोंड पार उतरलं होतं.

रामकिसन गाडीखाली शिरला अन् डांबराचा बोळा घेऊन बाहेर आला. "पाणी निघून जायची भोकं ही. कुणी बुजवली?"

करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

"अंगद," हे म्हणाले. समोरच अंगदचं गाडी धुवायचं सेंटर आहे. "त्याच्याबिगर गाडीखाली कोण जातंय?" ह्यांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली अन् निघाले.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, मी बसलेही. कोंबडीवरून शेजारणीशी तासभर भांडणारी मी, माझी जीभ टाळूला चिकटली. तिकडं अंगद हसत हात करत होता, "या भाऊ, चहा घ्या."

"अहो, थांबा! मी बुजवली! त्याला हात लावाल तर माझी शपथ हाय!"

हे रस्त्याच्या मधोमध थांबले. मागं रिक्षावाला बोंबलत होता. मग माघारी आले, टॉमी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

"पत्रा मार," रामकिसनला म्हणाले, "आजच."

दिवसभर वेल्डिंग चाललं. मी एका डब्यावर बसून रडले. ह्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण हे नुसते रामकिसनला पत्रा धरून देत राहिले.

दिवस कलला तेव्हा रामकिसन म्हणाला, "भोकं मोकळी ठेवलीत. आता कुणीतरी वर उभं राहून बघा. पत्रा लवला तर उद्या नेऊ नका."

हे माझ्याकडं वळले. "ये. दे पाय."

"अहो, उंबऱ्यावर कसा..."

"द्वारके, चढ."

टपाला धरून चढले, दोन्ही पायांनी. डोळे गच्च मिटले. हे खाली उकिडवे बसून पत्र्यावर हात फिरवत होते.

"लवतंय का ओ?"

त्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून बघितलं. मग म्हणाले, "नाय."

उतरले तर नव्या पत्र्यावर माझ्या चपलांची माती पडलेली. पुसायला पदर पुढं केला, तर ह्यांनी माझा हात धरला.

"राहू दे आता," म्हणाले.